राष्ट्रपती अकरांपुरते

वाद अण्णांनीच काढला. "पुरस्कार देशाचा असतो. हातात कोण ठेवतंय याला काय अर्थ आहे?"

विषय २०१८ चा. ३ मे, दिल्लीचं विज्ञान भवन, ६५ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. विजेते शंभराच्या वर, आणि राष्ट्रपती कोविंद त्यातल्या फक्त अकरांना पुरस्कार देणार. बाकीच्यांना माहिती-प्रसारण मंत्री स्मृती इराणी. हे विजेत्यांना कळलं आदल्या दिवशी, रंगीत तालमीला! पन्नासेक जण सोहळ्याला गेलेच नाहीत.

दिग्या साउंडवाला उसळलाच. "अण्णा, तुम्हाला हिरोंची नावं आठवतात. आमच्या लोकांचं काय? उत्कृष्ट ध्वनीवाला आयुष्यात एकदा तिथे उभा राहतो. घरचे नवे कपडे शिवून दिल्लीला आलेले. निमंत्रणात राष्ट्रपतींच्या हस्ते म्हणून छापलेलं."

"राष्ट्रपतींना वेळ नसतो रे. पदावर आल्यापासून ते कुठल्याच पुरस्कार सोहळ्याला तासाभरापेक्षा जास्त थांबत नव्हते. राष्ट्रपती भवनानंच सांगितलं तसं."

"तेच म्हणतोय मी!" मास्तर मध्ये पडले. मास्तर सहसा पडत नाहीत. "राष्ट्रपती भवनानं हेही सांगितलं, की मंत्रालयाला काही आठवडे आधीच कळवलं होतं. मग निमंत्रणं तशी का गेली? घोळ मंत्रालयाचा, आणि आपण बोलतोय कलाकारांच्या अहंकाराबद्दल. तेही कुठल्या तारखेला? १९१३ साली ३ मेलाच गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', आपला पहिला कथापट, लागला होता."

इथे मला मास्तरांचं पटलं. कोण देतं हा मुद्दा नव्हताच. एकाच यादीतल्या माणसांच्या दोन रांगा केल्या, हा होता.

त्या वर्षीची यादी तरी कसली होती! सर्वोत्कृष्ट चित्रपट रीमा दासचा आसामी 'व्हिलेज रॉकस्टार्स', तिनं जवळजवळ एकटीनं केलेला. कॅमेरा तीच, संकलनही तीच. अभिनेता 'नगरकीर्तन'चा रिद्धी सेन, जेमतेम विशीचा. श्रीदेवी फेब्रुवारीतच गेलेली, तिच्या 'मॉम'चा पुरस्कार बोनी कपूर आणि मुलींनी घेतला. विनोद खन्नांचा फाळके पुरस्कार मुलगा अक्षयनं. आपल्याकडे 'कच्चा लिंबू', 'म्होरक्या', 'धप्पा'. पण दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर रिकाम्या खुर्च्या.

"बरं," अण्णांनी हुकमाचं पान काढलं, "२०१९ साली सगळे पुरस्कार उपराष्ट्रपती नायडूंनी दिले. तेव्हा कुठे गेला होता तुमचा बहिष्कार?"

बंड्या खूश झाला. त्याला कुणीही हरलेलं चालतं.

"तेव्हा सगळ्यांना एकच हात होता की!" दिग्या. "बच्चनना फाळके नंतर राष्ट्रपती भवनात मिळाला, पण ते त्या दिवशी आजारी होते. तेवढं सोडा. अकरा जण आत, बाकीचे बाहेर असं नव्हतं. २०२२ ला तर राष्ट्रपती मुर्मूंनी स्वतः दिले. म्हणजे वेळ काढता येतो."

"त्यांचा पहिलाच सोहळा होता तो," अण्णा पुटपुटले, पण दम नव्हता.

मग बंड्यानं त्या वर्षीचे विजेते गायक येसुदासना ओढलं. विजेत्यांनी २०१८ ला लिहिलेल्या निषेधाच्या पत्रावर सही त्यांचीही होती, दिग्दर्शक जयराजचीही, आणि दोघेही जाऊन पुरस्कार घेऊन आले. "ही कुठली निष्ठा?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आठवा राष्ट्रीय पुरस्कार. गेला तर गेला," मास्तर म्हणाले.

"आठवा म्हणूनच सोडायला हवा होता. ज्यांचा पहिला होता त्यांनी सोडला की!" बंड्यानं पहिल्यांदाच बरोबर बोट ठेवलं होतं. कुणालाच उत्तर सुचेना.

अण्णांनी ती फट हेरली. "दिग्या, खरं सांग. तू असतास तर?"

दिग्यानं बराच विचार केला. "आईला घेऊन दिल्लीत पोचलो असतो तर... गेलो असतो. पण पत्रावर सहीसुद्धा केली असती."

"म्हणजे येसुदासच!" बंड्या ओरडला.