ती मुलगी निघून गेली आणि मी गप्प उभी राहिले

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

पुस्तक प्रदर्शनाला गेले होते. कादंबऱ्यांच्या टेबलापाशी एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीसची असेल, पाठीला निळी सॅक. विक्रेत्या दादांना तिनं विचारलं, "'दुनियादारी'सारखं अजून काही आहे का? मला ते खूप आवडलं." दादा तोंड उघडायच्या आत शेजारचे एक गृहस्थ हसले. हातात पुस्तकांनी फुगलेली पिशवी. "आता त्याच्या पुढे जा की! मराठीत साहित्यही लिहिलं जातं," म्हणाले, आणि सुरू झाली सरबत्ती. जीए कुलकर्णी वाचलेत? नेमाडे? श्याम मनोहर? कमल देसाई? प्रत्येक नावाला ती बिचारी "नाही" म्हणत होती. चौथ्या "नाही"ला तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं, सॅक सावरली आणि गेली.

अहो, ती पोरगी स्वतःच्या पैशांनी मराठी कादंबरी विकत घ्यायला आली होती! आणि तिची तोंडी परीक्षा घेऊन, नापास करून घरी पाठवली. उद्या हेच लोक व्यासपीठावरून "तरुण वाचत नाहीत" म्हणून गळा काढणार.

आणि मी? मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तोंडातून शब्द फुटला नाही. भानावर येऊन दारापर्यंत धावले तोवर ती दिसेनाशी झाली होती. त्यांच्यापेक्षा माझा राग जास्त येतोय मला.

कारण मला माहीत होतं काय करायचं असतं. मला कुणीतरी करून दाखवलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. अकरावीचा उन्हाळा. वाचनालयातल्या रहस्यकथांचं कपाट मी संपवलं होतं. ग्रंथपाल काकांना म्हटलं, असंच अजून काही द्या ना. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि दोन पुस्तकं घेऊन आले. एक रहस्यकथा, नुकतीच आलेली, कव्हरही चढवायचं राहिलेलं. दुसरं खाकी कव्हरातलं, कडा मऊ पडलेलं. "हे तुले पाहिजे ते. आन् हे मी देतो ते. नाही पटलं त उद्या वापस आणजो."

खाकी कव्हरात 'धग' होती. उद्धव शेळक्यांची, १९६० सालची.

माझ्या पिढीतल्या वऱ्हाडातल्या पोरींना विचारा, शाळेत "वापस नाही, परत म्हण" किती वेळा ऐकलं ते. आपली बोली घरात बोलायची, कागदावर लिहायची ती दुसऱ्या कुणाची तरी भाषा, हेच डोक्यात बसलेलं. आणि इथे छापील पानावर माझी आजी बोलत होती! कौतिक नावाची बाई, दारिद्र्य, घरातला महारोग, आणि त्या सगळ्यातून संसार ओढत नेणारी तिची जिद्द. मी आजीला ती मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. आजीला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी सुपात तूर घेऊन बसायची आणि मी थांबले की पाखडणंही थांबायचं. "मंग काय झालं तिचं?"

त्या मुलीला काय दिलं असतं मी? आधी मिलिंद बोकिलांची 'शाळा'. २००४ ची. 'दुनियादारी' आवडली ना, मग नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर आवडणारच, आणि मागे आणीबाणी कशी हलकेच चालू असते तेही दिसेल. ती आवडली की मग 'कोसला'. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, १९६३ ची. 'कोसला'ला उगाच देव्हाऱ्यात बसवून ठेवलंय आपण. खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पोराची गोष्ट आहे ती. होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही पांडुरंग सांगवीकर कळतो. मनीच्या मरणाची पानं वाचताना मात्र घरात एकटं असावं. त्याच साली बाबूराव बागुलांच्या कथा आल्या, 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या वाचून दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं मला.

जाड पुस्तकाची भीती वाटत असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. धनगरांची वाडी, कोवळा मास्तर, बारीकसं पुस्तक, आणि शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा आपलंच घर मोडल्यासारखं वाटतं. उलट जाडच हवं असेल तर पेंडशांचं 'तुंबाडचे खोत', दोन खंड, जगबुडी नदीच्या काठावरच्या चार पिढ्या. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडून होत्या तेव्हा त्यांना दिलं होतं. औषधाची वेळ चुकली, पण खंड खाली ठेवला नाही. आणि गौरी देशपांडे! त्या विसाव्या वर्षी आवडतीलच असं नाही. मी पस्तिशीत, एका फार वाईट वर्षात वाचल्या, आणि आपल्याला असंही जगता येतं, असा धीर आला. कुणाला काय द्यायचं हे ते माणूस आत्ता कुठे उभं आहे ते पाहून ठरवावं लागतं हो.

बरं, ते गृहस्थ म्हणाले ते पूर्ण खोटं नाही. एकाच कपाटात आयुष्य काढू नये. आणि जीए सोपे नाहीतच, 'काजळमाया' मला तिसऱ्या प्रयत्नात उमगली. पण तिसऱ्यांदा हात लावावासा वाटला, तो आधीच्या दोन वेळेला कुणी हसलं नव्हतं म्हणून.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या गृहस्थांनाही कदाचित कधी कुणी असंच हसलं असेल. माहीत नाही.

'धग' परत करायला गेले तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. मला वाटलं, काका आता विचारणार, कळलं का काही? त्यांनी मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कोण आवडलं तुले?" मी म्हटलं, कौतिक. आणि आजीलाही. "आजीले बी?" म्हणाले, आणि पुन्हा मागच्या खोलीत गेले.

प्रदर्शन उद्या रात्रीपर्यंत आहे. मी चार वाजल्यापासून कादंबऱ्यांच्या टेबलापाशी असेन. निळ्या सॅकवाली, 'दुनियादारी' आवडलेली मुलगी कुणाच्या ओळखीची असेल तर तिला सांगा, 'शाळा'ची एक प्रत मी तिच्यासाठी घेऊन ठेवली आहे. नाही पटली तर वापस आणून दे म्हणावं.