विसोबा चिडले नाहीत
'गुरूला प्रश्न विचारला की साधना खुंटते' हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. औंढा नागनाथची कथाच घ्या. संत नामदेवांचे नंतर गुरू झालेले विसोबा खेचर तिथल्या देवळात शंकराच्या पिंडीवर पाय टाकून खुशाल पडलेले. नामदेवांनी तोंडावर सांगितलं, पाय काढा. विसोबा चिडले नाहीत. म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंडी! (हेच विसोबा आधी ज्ञानेश्वर भावंडांना छळायचे म्हणे.) पुढे नामदेव काही गुरूच्या पायाशी बसून राहिले नाहीत. पार पंजाबात घुमानला गेले, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आजचे काही महाराज तर शिष्याने दुसऱ्याचं कीर्तन ऐकलं तरी रुसून बसतात.