कुंकू काळं का दिसतं

बालगंधर्वांचा स्त्रीवेशातला जुना फोटो फिरू लागला की बडोद्याच्या मराठी मंडळींत वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, आमच्या आज्या नेसायला यांच्याकडूनच शिकल्या. दुसरी म्हणते, पुरुषाने बाईची जागा बळकावली. लंडनमधून वाटतं, फोटो नीट न बघताच भांडण जुंपलंय.

आधी रंग. तेव्हा फोटो मसाला लावलेल्या काचेवर घेत; त्या साध्या काचेवर निळा उजेड चटकन उमटे, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून कुंकू काळं येतं, लाल शालूही काळवंडतो आणि आकाशी पातळ पांढरं दिसतं. हल्ली कुणीतरी ॲपने त्यात रंग भरतं. काळ्या-करड्या छटेत मूळ रंग शिल्लकच नसतो, ॲप अंदाज ठोकतं. आणि त्यावरून तेव्हाची अभिरुची ठरवली जाते!

मग ढब. १८६०-७० च्या सुमाराचा फोटो असेल तर मसाला ओला असतानाच वापरायच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. मान हलली की चेहरा पुसट, म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू आणि हात खुर्चीच्या पाठीवर. नायिकेची ‘घरंदाज शालीनता’ पुष्कळदा त्या टेकूचीच. बालगंधर्वांच्या वेळी झटपट चित्र टिपणाऱ्या कोरड्या काचा आल्या होत्या, टेकूची गरज बरीच कमी झाली होती. त्यांची ढब त्यांचीच.

इथे इंग्लंडमध्ये पुरुषाचं सोंग घेणारी नटी वेस्टा टिली (१८६४–१९५२) पोस्टकार्डांवर विकली जाई, खाली नाव छापून. नाव अर्थात रंगमंचावरचं, जन्माची ती मटिल्डा पॉल्स. आपले नारायण राजहंसही ‘बालगंधर्व’ या उपाधीनेच लोकांना ठाऊक. दोघांना नाव तरी होतं. १८८० साली सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई लग्न होऊन तंजावरहून बडोद्याला आल्या, त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही. त्या काळच्या नर्तकींच्या फोटोंखाली मात्र बहुधा ‘नाच गर्ल’ एवढंच. बाईची ओळख हरवली म्हणायचं, तर ती त्या ओळीत हरवली. बालगंधर्वांवरचा राग मला त्यापुढे किरकोळ वाटतो.

घरी असा फोटो निघाला तर लॅमिनेट करू नका, उष्णतेने आणि गोंदाने तो कायमचा जातो. आधी मागची बाजू पाहा. साधारण अडीच बाय चार इंचांच्या जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, गाव, कधी नंबर असतो. फोटो पुठ्ठ्यापासून सोलू नका. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला तो पातळ कागद सुटा झाला की गुंडाळतो आणि तडकतो. मागे भूमिका, नट किंवा नटी, स्टुडिओ अशी तिन्ही नावं वेगवेगळ्या ओळींत लिहा. माहीत नसेल तिथे ओळ कोरी सोडा. पेन्सिल मऊ हवी, बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.