एस्पोझितो : अर्थ नुसता ‘उघडा’ नव्हे
इटालियन आडनावांवरच्या लेखात ‘एस्पोझितो’ या आडनावाचा अर्थ ‘उघडा ठेवलेला’ एवढाच दिला आहे. शब्दशः बरोबर, पण त्यातलं दुःख निसटलं. लॅटिन ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे बाहेर ठेवून दिलेलं, टाकलेलं मूल. टाकलेली मुलं सांभाळणाऱ्या नेपल्सच्या अनुंझियाता संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप होतं. आई बाहेरून बाळ त्यात ठेवायची, पिंप फिरायचं आणि आतली बाई त्याला उचलून घ्यायची. बाहेर कोण उभं आहे, हे आतल्यांना दिसायचं नाही. १८७५ मध्ये ते बंद झालं. अशा मुलांच्या नोंदीत एस्पोझितो लिहीत. आज नेपल्समध्ये ते अगदी सर्रास आढळणारं आडनाव आहे.

फ्लॉरेन्सला १४४५ मध्ये सुरू झालेल्या अनाथालयावरून इनोचेंती, म्हणजे ‘निष्पाप’, हे आडनाव आलं. तिथे बाळ सोडणाऱ्या काही आया अर्धं तोडलेलं नाणं किंवा पदक बाळासोबत ठेवत आणि दुसरा अर्धा भाग स्वतःजवळ जपत, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. हे वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. मिलानचं कोलोंबो हे आडनाव म्हणजे कबूतर. ते तिथल्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह, म्हणून टाकलेल्या मुलांना तेच नाव. लेखात हे कृपया जोडा.