ऋत्विक घटकांचे सिनेमे दारूने घडवले? आधी तारखा बघा

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. बंडखोर माणूस, दारूत बुडालेला, शिस्त शून्य, तंत्राची फिकीर नाही. जे जमलं ते झटक्यात जमलं. धंदेवाईक सिनेमाला शिव्या, कुणाशी पटेना, म्हणून आयुष्यभरात सिनेमे आठच. वर ‘प्रतिभा अशीच असते’ हा शेरा आणि हात जोडलेली इमोजी.

दारू खरी होती, तऱ्हेवाईकपणाही खरा. बाकीचं तपासू.

‘शिस्त नव्हती.’ १९५८ ते १९६२ या पाच वर्षांत ‘अजांत्रिक’, ‘बाडी थेके पालिये’, ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’ आणि ‘सुवर्णरेखा’ असे पाच पूर्ण लांबीचे चित्रपट. बेशिस्त माणसाकडून हा हिशेब जुळत नाही. ‘कोमल गांधार’ आपटला, त्यात पैसा त्यांचाही होता. ‘सुवर्णरेखा’ १९६२ मध्ये तयार होऊन प्रदर्शित झाला १९६५ मध्ये. दारूने खरा कब्जा घेतला तो या पडझडीत. म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे.

‘तंत्राची फिकीर नव्हती.’ हा दावा सगळ्यात पोकळ. ‘मेघे ढाका तारा’त प्रियकर सनतच्या घरात आपल्या बहिणीची चाहूल लागल्यावर नायिका नीता जिना उतरते. कॅमेरा खाली, तिचा हात गळ्याशी, आणि ध्वनिपट्टीवर चाबकाचे फटकारे. पडद्यावर चाबूक कुठेच नाही. त्या काळी संवाद, संगीत आणि इतर आवाज यांची रिळं वेगवेगळी बांधत आणि मग मिक्सिंगला एकत्र चालवत. सेकंदाला २४ चौकटी. फटका १२ चौकटी अलीकडे सरकला तरी तो अर्धा सेकंद आधी पडतो आणि कुणीतरी खरोखर मारतंय असं वाटून प्रेक्षक मागे वळून बघतो. पातळी जास्त ठेवली तर संगीत मरतं, कमी ठेवली तर नुसती खरखर. हे ‘झटक्यात’ होत नाही, संकलनाच्या टेबलावर बसून होतं. ‘अजांत्रिक’मधल्या जगद्दल या खटारा शेवरोलेत तिचा ड्रायव्हर बिमल पाणी ओततो तेव्हा ती घटाघट पिते. तो आवाजही कुणीतरी आधी ठरवूनच तिथे बसवला आहे.

‘धंदेवाईक सिनेमाचा तिरस्कार.’ बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ची (१९५८) कथा घटकांची. पुनर्जन्म, हवेली, गाणी, सगळा मसाला. मेलोड्रामा त्यांना वर्ज्य नव्हताच. त्यातूनच फाळणीचं दुःख सांगायचं, हा त्यांचा हट्ट होता.

‘कुणाशी पटेना.’ अर्धं खरं. १९५५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने त्यांना काढलं, पण त्याआधी सांस्कृतिक आघाडीबद्दलचं आपलं म्हणणं त्यांनी रीतसर लिहून पक्षाकडे दिलं होतं. असं टिपण लिहायला बैठक लागते, नुसती चिडचिड पुरत नाही. आणि पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९६५-६६ च्या सुमारास ते शिकवायला आणि उपप्राचार्य म्हणून होते. थोडेच दिवस टिकले, हे मान्य. पण मणि कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम (मल्याळी दिग्दर्शक, हिंदीतला नट नव्हे) हे तिघंही दिग्दर्शक त्यांचे विद्यार्थी, आणि तिघांची शैली एकमेकांशी अजिबात जुळत नाही. नक्कल करणारे तयार केले नाहीत, एवढं तरी मास्तर म्हणून त्यांच्या खात्यावर टाका.

‘आठच सिनेमे.’ पहिला ‘नागरिक’ १९५२ चा, लोकांसमोर आला १९७७ मध्ये, घटक जाऊन वर्ष उलटल्यावर. अर्धवट राहिलेल्यांची यादी लांब आहे, पण तिथेही प्रत्येक वेळी बाटलीच आडवी आली असं नाही. ‘बेदेनी’चं बाहेरचं चित्रीकरण कॅमेऱ्यातल्या बिघाडाने वाया गेलं.

मग ही प्रतिमा आली कुठून? बरीचशी त्यांनीच दिली. ‘जुक्ति तक्को आर गप्पो’ (१९७४) मधला दारुडा नीलकंठ त्यांनी स्वतः रंगवला, आणि लोकांनी भूमिकेलाच चरित्र मानलं. शेवटाकडे दारू थेट लेन्सवर सांडते. लेन्सवर दारू सांडायची तर कॅमेरा किती जवळ, कुठल्या कोनात, फोकस कशावर, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर हाती लागतो तो पडदाभर पांढुरका धब्बा.