बिनआठीच्या कपाळासाठी

कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कोपऱ्यात रेषा, नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या घड्या, आणि तरीही तुम्ही उजळ माथ्यानं हिंडता? कमाल आहे. कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. सगळ्यांची वयं वाढली, चेहरे मात्र बारावीच्या हॉलतिकिटाकडे परत निघालेत. तेव्हा डाळीचं पीठ नि साय आवरून ठेवा. ती स्वस्त आहेत, आणि स्वस्तात कोणाचं वय उतरलंय?

सुरुवात विषापासून करावी. १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं मांस खाल्लं. पापण्या उचलेनात, घास गिळता येईना, तिघे दगावले. त्या मांसातून जंतुशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांनी जो जंतू शोधून काढला, त्या कुळातलं विष, म्हणजेच बोटॉक्स, आज अत्यंत सूक्ष्म मात्रेत आपण पैसे मोजून भुवयांमध्ये टोचून घेतो. आधी ते तिरळ्या आणि फडफडणाऱ्या डोळ्यांवर वापरत. मग कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॅरुथर्स जोडप्याच्या ध्यानात आलं की या रुग्णांच्या आठ्याही जातायत. बायको नेत्रतज्ज्ञ, नवरा त्वचातज्ज्ञ. नवरा-बायकोचं एकमत होऊन जगाचं कपाळ नितळ झाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी आठवत नाही. २००२ मध्ये अमेरिकी सरकारनंही आठ्यांसाठी बोटॉक्सला परवानगी दिली.

युक्ती साधी आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच द्यायचा नाही. निरोप नाही म्हणून आकुंचन नाही, आकुंचन नाही म्हणून आठी नाही. असर पुरता दिसायला दोनेक आठवडे लागू शकतात, म्हणून तुम्ही कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळीच जा. तीन-चार महिन्यांत जोर ओसरतो. तेव्हा पाडवा, राखी आणि दिवाळी असे हप्ते बांधून घ्या. क्वचित औषध सरकून एक पापणी खाली उतरते, काही आठवड्यांनी पूर्ववत होते. तोवर लोकांना तुम्ही डोळा मारताय असं वाटेल. या वयात तेवढं चालायचंच.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. आजवर तुमचा अर्धा संसार त्या आठीवर चालला. मुलगी रात्री उशिरा आली, आठी. पाहुणे 'आणखी दोन दिवस राहतो' म्हणाले, आठी. नवऱ्यानं मित्राला हातउसने दिल्याचं हळूच कबूल केलं, आठी. एक शब्द खर्च न होता कारभार उरकत होता. आता प्रत्येक वेळी तोंड उघडून 'मला राग आलाय' असं जाहीर करावं लागेल, आणि समोरचा तुमच्या प्रसन्न कपाळाकडे बघून हसेल. शिवाय २०१० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात भुवयांमध्ये बोटॉक्स घेतलेल्या बायकांना रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचून समजायला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागला. म्हणजे नणंदेचा टोमणा आता थोडा उशिरा झोंबेल. याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

खोल घड्यांना आणि बसक्या गालांना फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भरायचा भराव. पूर्वी यासाठी गायीचं कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, असे, पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलेलं हायल्युरॉनिक ॲसिड आलं. सोवळ्यातल्या मंडळींनी दचकू नये. हल्ली ते बहुतेक जंतूंकडून आंबवून करवून घेतात, चातुर्मासातही हरकत नसावी. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणूनच टोचणारा डॉक्टर आहे का, हे फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज त्याच्या हाताशी आहे का, असले संशयी प्रश्न अजिबात विचारू नका. पार्लरवाल्या ताईंनी दोन दिवसांचा कोर्स केलाय, भिंतीवर सर्टिफिकेट आहे, आणि फिलरवर भुवया फुकट आहेत.

पिंपल्सच्या खड्ड्यांना लेझर, रसायनानं कातडी सोलणारं पील, सुयांचा रोलर यांतलं काहीही घ्या, सिटिंगा मोजत बसू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर जास्त तापवलं की काळे डाग उठतात, पण त्या डागांचंही वेगळं पॅकेज असतंच.

उन्हानं कातडीतलं कोलॅजेन तुटतं, सिगरेटनं सुरकुत्या लवकर येतात, सनस्क्रीन आणि रात्री लावायचं ट्रेटिनॉइन नावाचं मलम यांनी खरोखर फरक पडतो, असं एखादा प्रामाणिक त्वचातज्ज्ञ सांगेल. त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. महिनोन्‌महिने रोज मलम लावायला चिकाटी लागते. ती असती तर सूर्यनमस्कारच नसते का घातले?

पकडले जाण्याची भीती उंटांना. सौदी अरेबियात २०२१ मध्ये सौंदर्यस्पर्धेतले चाळीसहून अधिक उंट बोटॉक्स, फिलर वगैरे उपचारांपायी बाद झाले. एक्स-रे आणि सोनोग्राफीनं तपासणी झाली होती. आपल्याकडे स्नेहसंमेलनात अजून चहाच्या टेबलापाशी तशी यंत्रं मांडत नाहीत.

राहता राहिलं बिल. बाकीच्या बहुतेक वैद्यकीय उपचारांना जीएसटी माफ आहे, रूपासाठीच्या उपचारांवर मात्र १८ टक्के. तरी कागद मेडिक्लेमला पाठवून बघा. त्यांचं नकाराचं पत्र येईल, आणि ते तीन महिन्यांच्या आत आलं तर वाचताना कपाळावर एकही आठी पडणार नाही.