भाड्यातच हप्ता सुटतो!

दुसरा फ्लॅट घ्यायचा विचार आहे ना? मग उशीर नको. पुण्यात वाकडला घ्या, पुनावळ्याला घ्या, वाघोलीला घ्या. सेल्स ऑफिसातला मुलगा कॉफी पुढे सरकवत सांगेलच, "सर, भाड्यातच हप्ता सुटतो." विश्वास ठेवा. त्याचा स्वतःचा फ्लॅट नसला म्हणून काय झालं?

आकडेमोडीची खुमखुमी असेलच, तर एकदा करून मोकळे व्हा. फ्लॅट 75 लाखांचा. कर्ज 60 लाख, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षं. हप्ता सुमारे 52 हजार, भाडं 22 हजार. राहिलेले 30 हजार दरमहा पगारातून घालायचे आणि लग्नाकार्यात "आपल्याला काय, भाडं येतं" असं सांगायचं. मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि नोंदणीचे 30 हजार मिळून साडेपाच लाखांच्या वर जातात. म्हणजे भाडेकरूने चप्पल काढण्याआधीच 25 महिन्यांचं भाडं तुम्ही सरकारला पोचतं केलेलं असतं. करसवलत? आहे ना! जुन्या करपद्धतीत घराचा तोटा, म्हणजे भाड्यातून न भागलेलं कर्जाचं व्याज, पगारातून वर्षाला 2 लाखांपर्यंतच वजा होतो, नव्या पद्धतीत पगारातून एक रुपयाही नाही. पण हे तुमच्या सीएकडून रिटर्न भरतानाच ऐका. आधी ऐकलं तर बुकिंगची मजा जाते.

पाण्याची चौकशी मुळीच करू नका. ब्रोशरवर स्विमिंग पूल आहे, म्हणजे पाणी असणारच. साइट बघायला रविवारी सकाळी जा. रस्ता मोकळा मिळतो आणि टँकर दिसलेच तर ते बांधकामाचे वाटतात.

भाडेकरू मात्र पारखून घ्या. बॅचलर नकोत, कुत्रं नको, मांसाहार नको, वकील तर नकोच नको. असा माणूस शोधण्यात फ्लॅट तीन महिने रिकामा राहिला तरी चालेल, 66 हजारांहून तत्त्व मोठं.

आता करार. एजंट म्हणेल, "अकरा महिन्यांचाच आहे काका, नोटरी पुरे." त्याचं ऐका, नोंदणीचे हजार रुपये वाचतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा दिवसांची. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय भांडण झालं, तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. म्हणजे 22 हजार ठरले होते की 12, हे तोच सांगणार. हजार रुपयांत एवढा सस्पेन्स कुठे मिळतो?

सोसायटीशीही वाद घालू नका. भाडेकरू ठेवलात म्हणून ती नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, असा शासनाचा आदेश 2001 पासून आहे. सेक्रेटरींना तो माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर पार्किंग जाईल.

बाकी सगळं सुखाचं. रात्री साडेदहाला फोन येईल, "काका, गीझरमधून धूर येतोय." स्वतःच्या बाथरूमचा नळ सहा महिने गळतोय, पण तिकडे प्लंबर सकाळी आठला हजर करायचा, कारण तिकडे 'इन्व्हेस्टमेंट' आहे.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा भाडेकरू चार वर्षं शांतपणे राहिला. भाडं एक तारखेला, भिंतीला खिळा नाही. मागच्या महिन्यात पेढे घेऊन आला. भाडं आणि हप्ता यांतल्या फरकाएवढी रक्कम तो दरमहा बाजूला टाकत होता, त्यातून त्याने स्वतःचा फ्लॅट घेतला, तोही कमी कर्जात. वास्तुशांतीचं निमंत्रण देऊन म्हणाला, "काका, काकूंना घेऊन नक्की या."

काकांनी पेढा खाल्ला, मग रंगकामाचे आठ हजार डिपॉझिटमधून कापले. वास्तुशांतीला गेले तेव्हा पाकिटात 501 घातले होते. जेवण उत्तम होतं म्हणे, आणि नळाला पाणी होतं.